दंतमुळांचे रासायनिक अनुकूलन

हिरड्यांच्या जुनाट आजारात उघडे पडलेले दंतमूळ खरवडून झाल्यावर त्यावर आम्ल किंवा कॅल्शियम ओढून घेणारे रसायन थोडा वेळ लावायचे आणि तो पृष्ठभाग हिरडीच्या पेशींना बसण्याजोगा करायचा, या उपचाराला दंतमुळाचे रासायनिक अनुकूलन म्हणतात. दवाखान्यात ‘रूट कंडिशनिंग’ हाच शब्द चालतो. यात एक गैरसमज नेहमी दिसतो. रसायन पेशींना खाऊ घालत नाही, वाढवतही नाही. ते फक्त जागा तयार करते. जास्त झाले तर पेशी मारते.

पॉकेटमध्ये, म्हणजे दात आणि सुटलेली हिरडी यांमधल्या खोल फटीत, राहिलेल्या मुळावर कीटण चढते आणि सिमेंटमच्या (मुळावरच्या कठीण आवरणाच्या) वरच्या थरात जिवाणूंचे अंतर्विष मुरते. १९७५ मध्ये आलिओ व सहकाऱ्यांनी दाखवले, की अशा मुळावर फायब्रोब्लास्ट (तंतू तयार करणाऱ्या) पेशी नीट चिकटत नाहीत. अंतर्विष काढले किंवा सिमेंटम खरवडले की चिकटतात. पण खरवडण्याने नवीच अडचण उभी राहते. क्युरेट (खरवडण्याचे हत्यार) फिरवल्यावर डेंटिनचा, म्हणजे सिमेंटमखालच्या दंतद्रव्याचा, चुरा, कीटणाचे कण आणि जिवाणू यांचा काही मायक्रोमीटर जाडीचा लेप मुळावर सारवल्यासारखा बसतो. हाच ‘स्मिअर लेयर’. डोळ्यांना मूळ काचेसारखे गुळगुळीत दिसते, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मात्र डेंटिनच्या नलिकांची एकही तोंड दिसत नाही. रसायनाने हा लेप विरघळतो, नलिका उघडतात आणि खालच्या कोलॅजन या प्रथिनाचे तंतू मोकळे होतात. रक्तातील फायब्रोनेक्टिन हे प्रथिन या तंतूंना धरते आणि फायब्रोब्लास्ट त्या फायब्रोनेक्टिनला.

सायट्रिक आम्ल यातले जुने. रजिस्टर आणि बर्डिक यांनी १९७५-७६ मध्ये प्राण्यांवर प्रयोग करून पीएच १ आणि २ ते ३ मिनिटे हे प्रमाण सुचवले. १०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात साधारण ६१ ग्रॅम आम्ल घातले, की पीएच त्याच्या आसपास येतो. टेट्रासायक्लीन हायड्रोक्लोराइड हे प्रतिजैविक ५० ते १५० मिग्रॅ प्रति मिली या तीव्रतेने ३ ते ५ मिनिटे लावतात. ५०० मिग्रॅची कॅप्सूल फोडून ५ मिली सलाइनमध्ये घोळली, की १०० मिग्रॅ प्रति मिलीचे द्रावण होते. ते ताजेच वापरावे. हे द्रावण आम्लधर्मी असते, शिवाय औषध डेंटिनला धरून राहते आणि कोलॅजन तोडणाऱ्या विकरांना आवर घालते. टेरानोव्हा व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये अशा डेंटिनवर फायब्रोब्लास्टची पकड आणि वाढ सुधारल्याचे नोंदवले. तिसरे ईडीटीए, कॅल्शियम ओढून घेणारे रसायन: २४ टक्के जेल, उदासीन पीएच, २ मिनिटे. आम्लाने शेजारच्या हिरडीच्या आणि अस्थिबंधाच्या (दात हाडाला बांधणाऱ्या तंतूंच्या) पेशी मरू शकतात व कोलॅजनही काही प्रमाणात जाते. ईडीटीए मुख्यतः खनिजच उचलते. त्यामुळे आज निवड करायची तर ईडीटीएचीच करावी.

परिणाम तपासायला काढलेल्या दातांच्या मुळांचे काही मिलिमीटरचे तुकडे कापतात. त्यांवर हिरडीच्या पेशी सोडून ३७ अंश सेल्सिअस आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये २४ ते ७२ तास वाढवतात. नंतर एमटीटी या रंगबदलावर आधारलेल्या चाचणीने जिवंत पेशींचा अंदाज घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली आकार पाहतात. चपट्या, हातपाय पसरलेल्या पेशी म्हणजे पकड चांगली. गोल गुळगुळीत गोळे म्हणजे पेशी नुसत्या टेकल्या आहेत किंवा मरू घातल्या आहेत.

निकाल बिघडतात ते बहुधा धुण्यात. आम्ल राहिले तर पोषक माध्यमाचा गुलाबी रंग पिवळट होतो, हे लगेच कळते. ईडीटीए राहिले तर रंगावरून काही कळत नाही, पण पेशी सुटतात. प्रयोगशाळेत बशीच्या तळाशी चिकटलेल्या पेशी सोडवायला ट्रिप्सिनसोबत ईडीटीएच वापरतात, हे लक्षात घेतले तर नवल वाटणार नाही. टेट्रासायक्लीन जास्त झाले तर ते डेंटिनमधून हळूहळू सुटून पेशींची वाढ रोखते; शिवाय ते मायटोकॉन्ड्रियाच्या प्रथिननिर्मितीत अडथळा आणते आणि एमटीटी चाचणीही मुख्यतः पेशीच्या चयापचयावरच उभी असते, म्हणून तिथे पेशींची थेट मोजणी जोडीला हवी. चाचणीआधी तुकडा बशीच्या नव्या खाचेत हलवला नाही तर प्लास्टिकवर वाढलेल्या पेशीही मुळाच्या खात्यात जमा होतात. तुकडे ऑटोक्लेव्ह केले, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केले, तर कोलॅजनच बिघडते.

बशीतले यश तोंडात तसेच उतरत नाही. मुळावर आधी कोण पोहोचते, यावर भरून येण्याचा प्रकार ठरतो, असे मेल्चर यांनी १९७६ मध्ये मांडले. अभिस्तराच्या, म्हणजे हिरडीच्या वरच्या आवरणाच्या, पेशी सर्वांत वेगाने सरकतात. त्या आधी पोहोचल्या तर मुळाशी नवे तंतू जोडले न जाता लांबलचक अभिस्तराचा जोड तयार होतो. पोल्सन आणि प्रोय यांनी १९८३ मध्ये माकडांत दाखवले, की आम्लाने उघडलेल्या कोलॅजनला रक्ताच्या गुठळीतले फायब्रिन धरले, तर अभिस्तराची वाट अडते. म्हणजे पहिल्या काही दिवसांत गुठळी जागेवर टिकणे महत्त्वाचे. टाके सैल पडले किंवा पदर (शस्त्रक्रियेत उचललेली हिरडी) हलत राहिला तर ती सुटते, मग मुळावर काय लावले होते याला अर्थ उरत नाही. २००३ मध्ये मारिओट्टी यांनी मानवी चाचण्यांचा आढावा घेतला. सायट्रिक आम्ल, टेट्रासायक्लीन किंवा ईडीटीए यांमुळे पॉकेटची खोली किंवा दात-हिरडीची जोडणी यांत वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाची जादा सुधारणा दिसली नाही.

आज ईडीटीएचा वापर प्रामुख्याने इनॅमल मॅट्रिक्स प्रथिने (मुळाभोवतीची जोडणी पुन्हा उभी राहावी म्हणून लावायची प्रथिने) लावण्यापूर्वी होतो. पदर उघडून मूळ खरवडले, की २ मिनिटे जेल, मग सलाइनने भरपूर धुणे. हवेचा जोरदार फवारा टाळावा, कारण सुकलेले कोलॅजन तंतू आडवे पडून एकमेकांना चिकटतात. रक्त किंवा लाळ मुळावर येण्याआधी प्रथिने लगेच लावावीत. ही प्रथिने डुकराच्या वाढत्या दातांपासून मिळवतात, हे रुग्णाला आधी सांगितलेले बरे. आणि रूट कॅनालसाठी कपाटात असलेले १७ टक्के ईडीटीए द्रव या जेलच्या जागी चालत नाही: ते उभ्या मुळावर टिकत नाही, ओघळून पदराखाली आणि हाडाकडे जाते.