जाड गोळी आणि एआर-15 : मापांनी घडवलेली काडतुसं

एआर-15 पद्धतीच्या (एका चापाला एक गोळी झाडून आपोआप पुढची भरणाऱ्या, हलक्या अमेरिकन) रायफलीत मोठ्या व्यासाचं काडतूस वापरायचं म्हटलं की तीन नावं हमखास पुढे येतात : .450 बुशमास्टर, .458 सोकॉम आणि .50 बेवुल्फ (नावातला आकडा म्हणजे ढोबळमानाने गोळीचा व्यास, इंचांत). यातलं सरस कोणतं, यावर अमेरिकेतले शिकारी हिरिरीने भांडतात. पण तिन्ही काडतुसांचा आकार मुळात रायफलीच्या दोन मापांनी ठरवला, मॅगझिनची (काडतुसांच्या पेटीची) लांबी आणि बोल्टचं, म्हणजे काडतुसाला मागून बंद करणाऱ्या भागाचं, तोंड. काडतूस निवडताना आणि वापरलेल्या पुंगळीत (काडतुसाच्या धातूच्या कवचात) घरी पुन्हा दारू व गोळी भरताना ज्या अडचणी येतात, त्यांचं मूळही बहुतेक तिथेच सापडतं.

आपोआप भरणाऱ्या रायफलीतून जाड गोळी मारायची हौस जुनी आहे. विंचेस्टरने 1910 मध्ये .401 व्यासाची अशी रायफल काढली. त्यात बोल्टला कुलूप नव्हतंच. बार होताना तो मागे उडू नये म्हणून त्याचं वजनच भरपूर ठेवलं होतं. दणका वाढवायचा तर वजन वाढवा, हाच त्यावरचा उपाय, आणि त्याला मर्यादा होती. पुढे 1955 मध्ये .44 मॅग्नम हे रिव्हॉल्व्हरचं काडतूस आलं आणि 1960 च्या सुमारास रुगर कंपनीने त्यासाठी वायूवर चालणारी सुटसुटीत कार्बाइन (आखूड रायफल) बाजारात आणली. झाडीत, जवळच्या अंतरावर हरणासाठी ती लोकांना आवडली. 1985 मध्ये मात्र तिचं उत्पादन थांबलं.

तोवर शस्त्ररचनाकार यूजीन स्टोनर यांच्या एआर-15 ने जम बसवला होता. तिची गोळी जेमतेम 0.224 इंच व्यासाची, वेगवान पण हलकी. बंदुकांवर लिहिणारे अमेरिकन लेखक जेफ कूपर यांना ती अजिबात पसंत नव्हती. निदान .44 व्यासाची, 250 यार्डांवर एका गोळीत मोठं जनावर पाडणारी सेमी-ऑटोमॅटिक रायफल हवी, असं ते म्हणत आणि त्या कल्पनेला त्यांनी ‘थंपर’ असं नाव दिलं होतं. टिम लजॉन्ड्र यांनी त्यावरून .45 प्रोफेशनल हे काडतूस तयार केलं. रायफली बनवणाऱ्या बुशमास्टरने ते घेतलं, काडतुसं बनवणाऱ्या हॉर्नडीने आपली 250 ग्रेनची (सुमारे 16 ग्रॅमची) टोकदार गोळी मावावी म्हणून पुंगळी थोडी आखूड केली आणि 2007 मध्ये ते .450 बुशमास्टर म्हणून विकायला आलं.

.458 सोकॉमचा उगम वेगळा. 1993 च्या मोगादिशूतल्या (सोमालिया) चकमकीनंतर, एका माणसाला थांबवायला अनेक गोळ्या लागतात अशी तक्रार विशेष दलांच्या वर्तुळातून आली, तिथून मार्टी टर वीम यांनी काम सुरू केलं, असं सांगितलं जातं. बिल अलेक्झांडर यांचं बेवुल्फ साधारण त्याच सुमाराचं. रस्त्यावरच्या नाक्यावर गाडी रोखता यावी, हा त्यामागचा एक विचार होता.

आता ती दोन मापं. मॅगझिनमध्ये साधारण 2.26 इंचांपेक्षा लांब काडतूस बसत नाही, म्हणून तिन्ही बुटकी आणि जाडी. पुंगळीचं अंग जाड असलं तरी तिची मागची कड बोल्टच्या तोंडात बसायला हवी, म्हणून ती कड अंगापेक्षा लहान कातलेली असते. युक्ती नवी नाही; .425 वेस्टली रिचर्ड्समध्ये ती 1909 मध्येच वापरली होती. पण जाड पुंगळीच्या बुडाचं क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे तेवढ्याच दाबाला बोल्टला अडकवून ठेवणाऱ्या दातांवर कितीतरी जास्त धक्का बसतो. म्हणून एआर-15 च्या नेहमीच्या .223 काडतुसाला 55,000 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब चालतो, तर .450 बुशमास्टरला 38,500 आणि .458 सोकॉमला 35,000 च्या आसपास थांबावं लागतं. ‘पुंगळीत जागा आहे, थोडी दारू वाढवू’ हा मोह इथे सरळसरळ धोक्याचा आहे.

पुन्हा भरताना खरा फरक पुंगळीच्या तोंडाशी कळतो. .458 सोकॉमला खांदा आहे, म्हणजे पुंगळी तोंडाजवळ अरुंद होते, आणि काडतूस चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) त्या खांद्यावर टेकतं. .450 आणि बेवुल्फ सरळ अंगाची, ती पुंगळीच्या तोंडावर टेकतात. रिव्हॉल्व्हरच्या सवयीने ते तोंड गोळीच्या खाचेत वळवून दाबलं, तर टेकायला कडच उरत नाही आणि काडतूस हवं त्यापेक्षा पुढे सरकतं. म्हणून इथे तोंड फक्त हलकं निमुळतं दाबतात आणि पुंगळ्यांची लांबी कॅलिपरने मोजून सारखी ठेवतात. तरीही गोळी घट्टच बसली पाहिजे. मॅगझिनमधून वर चढताना तिचं नाक चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर जोरात आपटतं. ती आत सरकली की दारूची जागा कमी होते आणि दाब चढतो.

गोळ्यांच्या बाबतीत .458 चं नशीब चांगलं. 1873 च्या .45-70 पासून याच व्यासाच्या गोळ्या आणि ओतायचे साचे बनत आले आहेत. .450 ला 0.452 इंचाच्या पिस्तुलाच्या गोळ्या बसतात आणि स्वस्तही पडतात, पण रायफलीच्या वेगाला त्यातल्या बऱ्याच आदळताक्षणी फुटून जातात.

एवढं असूनही आज दुकानात .450 जास्त दिसतं, त्याचं कारण कायदा. मिशिगनच्या दाट वस्तीच्या दक्षिण भागात हरणासाठी बाटलीच्या आकाराची (खांदा असलेली) रायफल काडतुसं चालत नव्हती. 2014 मध्ये तिथे .35 किंवा त्याहून मोठ्या व्यासाची, 1.16 ते 1.80 इंच लांब सरळ पुंगळीची काडतुसं मान्य झाली. .450 ची पुंगळी 1.70 इंचांची, अलगद आत बसली; खांदा असल्यामुळे .458 बाहेर राहिलं. ओहायोनेही त्याच वर्षी सरळ पुंगळीला वाट करून दिली. मग 2019 मध्ये विंचेस्टरने .350 लेजंड आणलं : सरळ पुंगळी, .450 पेक्षा कमी धक्का आणि मागची कड .223 च्याच मापाची.