लायबेरिया : इबोलानंतर आरोग्यव्यवस्था उभारताना अडलेला पगाराचा प्रश्न

इबोला हा जीवघेणा विषाणूजन्य आजार येण्याआधी चाळीस लाखांहून जास्त वस्तीच्या, पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात जेमतेम पन्नासेक डॉक्टर होते. १९८९ ते २००३ च्या यादवीत दवाखाने मोडले, शिकलेली माणसे परदेशी गेली. पुढे उपचार मोफत झाले, पण बरीच आरोग्यकेंद्रे परदेशी संस्थांच्या कंत्राटावर चालत. हजारो कर्मचाऱ्यांचे नाव सरकारी पगारपत्रकावर नव्हतेच.

२०१४-१५ च्या साथीत देशात ४,८०० हून अधिक लोक दगावले. त्यांत सुमारे १९० आरोग्य कर्मचारी होते. साथ भरात असताना, ऑक्टोबर २०१४ मध्ये, जोखीमभत्त्यासाठी परिचारिकांनी संप पुकारला. अमेरिकेने ११ उपचारकेंद्रे बांधली, पण ती तयार होईतो साथ ओसरू लागली होती आणि त्यांतल्या ९ केंद्रांत इबोलाचा एकही रुग्ण आला नाही. बाहेरच्या पैशाने इमारत लवकर उभी राहते, माणूस नाही, हे तेव्हाच दिसले होते.

९ मे २०१५ ला देश पहिल्यांदा इबोलामुक्त जाहीर झाला. त्याच सुमारास २०१५ ते २०२१ चा पुनर्बांधणी आराखडा आला. प्रयोगशाळा, साथरोगांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था, औषधसाठा हे सगळे त्यात होते आणि त्यावर फारसा वाद नव्हता. वाद होता गावात काम करणाऱ्या माणसाला पगार द्यायचा की नाही यावर.

तोवर गावपातळीवरचे काम स्वयंसेवक फुकट करत. साथीत संपर्कातली माणसे शोधायला आणि घरोघरी जायला हीच ओळखीची माणसे उपयोगी पडली. जुलै २०१६ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमात गावच्या आरोग्य सहायकाला महिना ७० डॉलर ठरले. त्याने लहान मुलांचा मलेरिया, जुलाब, न्यूमोनिया यांवर उपचार करायचे आणि संशयास्पद आजार वर कळवायचा. असे सुमारे ४,००० सहायक नेमायचे होते, म्हणजे केवळ पगारापोटी वर्षाला ३३-३४ लाख डॉलर. ते देणगीदार देणार, पण किती वर्षे, ही शंका पहिल्यापासून होती. तरीही फुकट राबवून घेण्यापेक्षा हा निर्णय बराच प्रामाणिक होता. आशा सेविकांचे संप पाहिलेल्या महाराष्ट्राला हा पेच नवा नाही.

पगार मात्र सगळ्यांना नव्हता. आरोग्यकेंद्रापासून ५ किलोमीटरपलीकडे राहणाऱ्या सुमारे १२ लाख लोकांसाठीच ही नेमणूक होती; अलीकडच्या गावांतले स्वयंसेवक बिनपगारीच राहिले. लिहिता-वाचता येण्याची अट असल्यामुळे नेमले गेलेले बहुतेक पुरुष निघाले. वर्षानुवर्षे बाळंतपणे करणाऱ्या प्रशिक्षित सुईणींच्या हाती काही पडले नाही. अट वैद्यकीयदृष्ट्या समजण्यासारखी आहे. पण ज्या देशात मुलींची शाळा यादवीने बुडवली, तिथे तिचा अर्थ काय होणार हे उघड होते.

नव्या व्यवस्थेची पहिली खरी परीक्षा एप्रिल २०१७ मध्ये झाली. सिनो परगण्यात एका अंत्यविधीनंतर लोक अचानक आजारी पडू लागले. एकूण ३१ रुग्ण, १३ मृत्यू. इबोला नाही हे देशातल्याच प्रयोगशाळेने झटपट सांगितले. आजाराचे कारण मेनिंगोकोकस हा मेंदूज्वराचा जंतू होता, हे मात्र नमुने परदेशी गेल्यावर ठरले. २०१४ च्या मानाने फरक मोठा होता, आणि त्याचे श्रेय नुसत्या यंत्रांना देणे बरोबर नाही.

नंतर कोविड आला, आराखड्याची मुदतही संपली. सहायकांचा पगार आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या परिचारिकांचा खर्च तरीही मुख्यतः बाहेरूनच येत राहिला. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि पुढे ती देणारी संस्थाच गुंडाळली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात या मदतीवर सर्वाधिक विसंबलेल्या देशांत लायबेरिया होता. ७० डॉलर कोणी द्यायचे, हा २०१६ मध्ये पुढे ढकललेला प्रश्न आता त्याच्या स्वतःच्या अर्थसंकल्पापुढे आला आहे.