पराभवाचे खापर (फुटबॉल)

संघाच्या हारीला किंवा घसरणीला अनेक कारणे असताना क्लबच्या समर्थकांनी आपल्याच एका खेळाडूला दोषी धरून त्याच्या मागे लागण्याचा प्रकार. चुकीवर टीका करण्याचा समर्थकांना पूर्ण हक्क आहे. ते तिकिटाचे पैसे मोजतात, परगावच्या सामन्यांना जातात, आणि वाईट खेळलेल्याला वाईट खेळला म्हणण्यात काही गैर नाही. अन्याय होतो तो त्याच्या पुढे. त्या खेळाडूच्या पायाशी चेंडू आला की हुर्यो सुरू होते, त्याच्या क्रमांकाचा बदलीचा फलक वर गेला की टाळ्या पडतात, संघाच्या साऱ्या दुखण्याचे मूळ तोच असे धरले जाते आणि कधी कधी त्याच्या बायकामुलांपर्यंत धमक्या पोहोचतात. एकदा चिकटलेला हा दोष नंतर हाती आलेल्या पुराव्यानेही सहसा पुसला जात नाही, हे या प्रकाराचे सर्वांत क्रूर लक्षण.

याची बीजे खेळाच्या रचनेतच आहेत. नव्वद मिनिटांत दोन-तीन गोल होतात, पुष्कळदा एकच. क्रिकेटमध्ये झेल सोडणाऱ्याला त्याच डावात भरपाई करायला वाव असतो. इथे एका निसटलेल्या चेंडूवर सामना जातो, कधी सबंध हंगाम. गोल खाण्यामागची साखळी लांब असते. मधल्या फळीने चेंडू गमावलेला असतो, बगलेचा बचावपटू वर चढून परतलेला नसतो, प्रशिक्षकाने थकलेल्याला वेळेत बदललेले नसते. डोळ्यांत मात्र शेवटची कडी राहते. म्हणून गोलरक्षक आणि मधले बचावपटू या रोषाला सर्वाधिक बळी पडतात. पुढच्या फळीतल्याने सोप्या तीन संधी दवडल्या तरी चौथीवर गोल केला की सगळे माफ होते. गोलरक्षकाने दहा चेंडू अडवून अकरावा सोडला की तो अकरावाच लक्षात राहतो.

इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबचा गोलरक्षक लोरिस कारियस याचे उदाहरण या बाबतीत बारकाईने पाहण्यासारखे आहे. २६ मे २०१८ रोजी कीवमध्ये चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचा अंतिम सामना झाला आणि स्पेनच्या रेआल माद्रिदने तो ३-१ असा जिंकला. पहिला गोल झाला तो कारियस सहकाऱ्याकडे हाताने चेंडू टाकत असताना करीम बेन्झेमाने मध्ये पाय घातला म्हणून. तिसरा गोल गॅरेथ बेलच्या लांबून मारलेल्या फटक्यावर झाला. चेंडू सरळ हातांत आला आणि हातांतून सुटून आत गेला. सामना संपल्यावर कारियस समर्थकांच्या स्टँडसमोर गेला, रडत रडत हात जोडून त्याने माफी मागितली. त्या रात्रीपासून समाजमाध्यमांवर त्याला आणि त्याच्या कुटुंबीयांना शिव्या आणि जिवे मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या. इंग्लंडच्या मर्सीसाइड पोलिसांना त्यांची दखल घ्यावी लागली.

काही दिवसांनी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये त्याची तपासणी झाली. सामन्यात त्याच्या मेंदूला मार बसला होता, आणि डोळ्यांना दिसणारे अंतर व जागा यांचा अंदाज घेण्याची क्षमता त्यामुळे बिघडली असावी, असा डॉक्टरांचा निष्कर्ष होता. पहिल्या गोलाच्या थोडेच आधी माद्रिदच्या सर्जिओ रामोसचे कोपर त्याच्या डोक्याला लागले होते. म्हणजे मेंदूला इजा झालेला माणूस चाळीसएक मिनिटे गोलात उभा होता आणि मैदानावर कुणाच्याही ते लक्षात आले नाही. खरा प्रश्न डोक्याच्या दुखापती ओळखण्याच्या व्यवस्थेचा होता. चर्चा मात्र बहाणेबाजीची झाली, अहवालाचीही चेष्टा झाली. सगळ्या समर्थकांनी पाठ फिरवली असे म्हणणे खोटे ठरेल. जुलैमध्ये चेस्टर क्लबविरुद्धच्या सराव सामन्यात लिव्हरपूलच्याच लोकांनी त्याचे टाळ्यांनी स्वागत केले. पण त्याच महिन्यात क्लबने आलिसन या दुसऱ्या गोलरक्षकाला विकत घेतले आणि ऑगस्टमध्ये कारियसला तुर्कस्तानच्या बेशिक्ताश क्लबकडे उसना दिला. लिव्हरपूलसाठी तो पुन्हा एकही अधिकृत सामना खेळला नाही.

हुर्योचा मारा प्रत्यक्ष मैदानात कसा होतो याची दोन ठळक उदाहरणे लंडनच्या आर्सेनलची आहेत. ६ डिसेंबर २००८ रोजी विगनविरुद्ध एमान्युएल एबुए पहिल्या अर्ध्यातच बदली म्हणून उतरला. तो उजव्या बगलेचा बचावपटू, दुखापतीतून नुकताच सावरलेला, आणि त्याला खेळवले डाव्या बाजूला मधल्या फळीत. त्याचे पास चुकत गेले आणि घरच्याच प्रेक्षकांनी त्याची अशी हुर्यो उडवली की शेवटी प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी त्याला परत बोलावून घेतले. तो रडत बाहेर आला. आर्सेनलने तो सामना १-० असा जिंकला होता. जागा चुकीची दिली प्रशिक्षकाने, सोसले खेळाडूने.

अकरा वर्षांनी, २७ ऑक्टोबर २०१९ रोजी, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध २-० अशी आघाडी गमावून बरोबरी झालेली असताना कर्णधार ग्रानिट झाकाला बदलले गेले. तो बाहेर पडणार म्हणून प्रेक्षकांनी जल्लोष केला. चिडलेल्या झाकाने कानाशी हात नेऊन ‘अजून ओरडा’ अशी खूण केली, अंगातला शर्ट काढून टाकला आणि तो सरळ आत निघून गेला. चार दिवसांनी त्याने निवेदन काढले. तुझे पाय मोडू, तुझ्या बायकोला मारू, तुझ्या मुलीला कर्करोग होवो, असे लोक आपल्याला लिहीत होते, हे त्याने त्यात उघड केले. क्लबने त्याचे कर्णधारपद काढून घेतले. पण संघाची घसरण झाकामुळे नव्हतीच. नोव्हेंबरच्या अखेरीस प्रशिक्षक उनाई एमेरी यांनाच जावे लागले. नवे प्रशिक्षक मिकेल आर्टेटा यांनी झाकाची समजूत घालून त्याला क्लबमध्येच थांबवले आणि पुढे त्याची खेळण्याची जागा बदलली. २०२२-२३ मध्ये त्याने लीगमध्ये ७ गोल केले. वूल्व्ह्जविरुद्धच्या अखेरच्या घरच्या सामन्यात त्याने दोन गोल केले तेव्हा तेच स्टेडियम त्याच्या नावाने गात होते. पुढच्याच हंगामात बायर लेव्हरकुसेनने एकही सामना न हरता आपले पहिले जर्मन लीग विजेतेपद मिळवले, त्यात तो मधल्या फळीचा कणा होता. माणूस तोच. त्याच्याभोवतीची व्यवस्था बदलली होती.

खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार हे चुकांच्या मोजदादीवर क्वचितच ठरते. ज्याची किंमत जास्त त्याच्यावर डोळा असतो: मँचेस्टर युनायटेडने २०१९ मध्ये हॅरी मॅग्वायरला ८ कोटी पौंडांना घेतले, आणि किमतीचा आकडा त्याने ठरवला नसूनही प्रत्येक चुकीला तो आकडा जोडला गेला. २०२२ मध्ये त्याच्या घरात बॉम्ब असल्याची धमकी आली. लाडक्या खेळाडूची जागा घेणाराही भरडला जातो. लिव्हरपूलच्या लुकास लेवावर अ‍ॅनफिल्ड या घरच्या मैदानावरचे प्रेक्षक आधीपासून कुरकुरत असत, आणि २००९ मध्ये झाबी अलोन्सो गेल्यावर त्याची सतत अलोन्सोशी तुलना होऊ लागली. दोन वर्षांत त्याच समर्थकांनी त्याला हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू निवडले.

आणि वंश. ही गोष्ट राष्ट्रीय संघांच्या बाबतीत अधिक उघडी पडली आहे. १६ जुलै १९५० रोजी रिओच्या माराकाना स्टेडियमवर विश्वचषकासाठी ब्राझीलला नुसती बरोबरी पुरेशी होती. उरुग्वेने २-१ असे हरवले. दोष आला गोलरक्षक मोआसिर बार्बोझा आणि बचावातले बिगोदे व जुवेनाल यांच्यावर. तिघेही कृष्णवर्णीय. वास्को द गामा या क्लबचा गोलरक्षक बार्बोझा त्या काळातल्या उत्तमांपैकी एक होता, पण २००० मध्ये मरेपर्यंत त्याची ओळख त्या एका गोलापुरती उरली. ब्राझीलमध्ये कुठल्याही गुन्ह्याला ३० वर्षांहून अधिक शिक्षा नाही, मी मात्र ५० वर्षे भोगतो आहे, असे तो म्हणे. जुलै २०२१ मध्ये युरो चषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या रॅशफर्ड, सांचो आणि साका यांच्या पेनल्टी हुकल्या आणि काही तासांत तिघांवर वर्णद्वेषी शिव्यांचा वर्षाव झाला.

क्लबचे व्यवस्थापनही यात नेहमी निर्दोष नसते. समर्थकांचा राग एका खेळाडूवर थांबला तर चुकीची खरेदी करणारे संचालक आणि चुकीची रचना करणारे प्रशिक्षक यांच्यापर्यंत तो पोहोचत नाही. त्यामुळे खेळाडूची ठाम बाजू घेणारा प्रशिक्षक ही मोठी गोष्ट ठरते. काही खेळाडू स्वतःच्या खेळानेच उत्तर देतात. कर्णधारपद गेलेला मॅग्वायर क्लबमध्येच राहिला, नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रीमियर लीगचा महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सच्या ल्यों क्लबविरुद्धच्या ५-४ अशा सामन्यात जादा वेळेच्या शेवटच्या क्षणी विजयी गोल त्यानेच डोक्याने केला.

आर्सेनल, लिव्हरपूल, युनायटेड यांचे समर्थक आज मुंबई-पुण्यातही आहेत, आणि मोबाइलवरून खेळाडूला शिवी द्यायला आता स्टेडियमची गरज उरलेली नाही. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी या तालीम-मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पेठेची इभ्रत पणाला लागते. तिथे चुकलेल्याला दोष देणारे त्याच्या ओळखीचेच असतात.

भारतातले सर्वांत जळजळीत उदाहरण कोलकात्याचे. ३० सप्टेंबर १९७५ रोजी आयएफए शील्ड या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० असे हरवले. बागानचा एक समर्थक या पराभवाने इतका खचला की त्याने आत्महत्या केली. संतापलेल्या जमावाच्या भीतीने काही खेळाडूंनी ती रात्र गंगेत होडीवर काढली, अशी हकीकत कोलकात्यात अजून सांगतात. बागानचा तरुण गोलरक्षक भास्कर गांगुली याला चार गोल खाल्ल्यावर बाहेर काढण्यात आले होते. त्या दिवशी बागानचा सगळा बचाव कोसळला होता, तरी त्याची कारकीर्द तिथेच संपली असे अनेकांनी धरले. पुढे ईस्ट बंगालनेच त्याला आपल्याकडे घेतले. तिथे तो वर्षानुवर्षे खेळला, आणि १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत भारतीय संघाचा कर्णधार झाला.