आपलाच आवाज परका होतो तेव्हा

समजा, खानापूरकडच्या एका गावातला मुलगा आहे. वय १९, बेळगावात डिप्लोमाला. दोन महिने धड झोप नाही, कॉलेज सुटलंय, न्हाणीत एकटाच पुटपुटतो. घरचे म्हणतात, ‘बाहेरचं झालंय.’ अंगारा लावून होतो, सौंदत्तीला यल्लम्माच्या देवळात जाऊन येणं होतं. ऐकू काय येतं, हे मात्र त्याला कुणी विचारत नाही. हा स्किझोफ्रेनिया असू शकतो, म्हणजे कुणी बोलत नसताना आवाज ऐकू येण्यासारखे भास होतात तो मानसिक आजार.

आता जरा स्वतःच्या तळपायाला गुदगुल्या करून बघा. होत नाहीत ना? मेंदू हाताला हुकूम सोडतो, तेव्हा त्याची एक नक्कल स्पर्श टिपणाऱ्या भागालाही धाडतो: हे आपलंच आहे, दचकू नको. २००० साली लंडनच्या संशोधकांनी आवाजाचे भास होणाऱ्या रुग्णांवर हेच तपासलं. त्यांना स्वतःचा स्पर्श दुसऱ्याच्या स्पर्शाइतकाच ठळक जाणवत होता. मनातल्या मनात बोलण्याचंही असंच होत असावं, असा एक तर्क आहे. विचार आपला, पण त्यावरचा ‘आपला’ हा शिक्काच उमटत नाही. मग तो बाहेरून आल्यासारखा ऐकू येतो. म्हणजे पोरगा सोंग करत नाही. त्याच्या कानांपुरतं ते खरंच असतं.

गंमत म्हणा की दुःख, या आवाजांनाही माती असते. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन यांनी अमेरिका, घाना आणि चेन्नईतल्या रुग्णांना बोलतं केलं. चेन्नईत अनेकांना नातेवाइकांचे आवाज येत, घरची कामं सांगणारे, रागावणारे. अमेरिकेत बरेचदा अनोळखी, हिंसक. आपल्याकडे आजी ओरडत असेल तर नवल नाही.

स्किझोफ्रेनिया जगात साधारण ३०० माणसांमागे एकाला असतो, सुरू होतो बहुधा विशी-पंचविशीत. गांजानं धोका वाढतो. औषधं मुख्यतः डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा जोर कमी करतात, आणि उपचाराला जितका उशीर, तितकं सावरणं अवघड. देवाला जायचं तर जा, माझी हरकत नाही. पण गोळ्या चालू ठेवून. धारवाडला मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे. १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरावर फुकट बोलता येतं.

एक अडचण आपल्या भागातली. डॉक्टर कन्नडमध्ये विचारतात, मुलगा मराठीत ऐकत असतो. कन्नड येत असली तरी भीती सांगायला शब्द घरचेच लागतात. दुभाषी म्हणून मग बाप बोलतो, आणि नेमकं बापासमोर सांगायचं नसलेलं राहून जातं. डॉक्टरांकडे पाच मिनिटं एकट्यानं बोलायला मागा.

घरी त्याच्याशी वाद घालू नका, हो ला होही नको. ‘मला नाही ऐकू येत रे, पण तुला येतंय हे पटतं. रात्री झोप लागली का?’ एवढं विचारलं तरी तो पुढचं सांगतो.