वीस सेंटिमीटरची गोष्ट: फॅमिली क्रॉसओव्हर आली कुठून?

घरासाठी क्रॉसओव्हर, म्हणजे मोटारीच्याच पायावर बांधलेली जरा उंच गाडी, घ्यायची म्हटली की तुलनेचे तीन रकाने ठरलेले असतात: दिसते कशी, पडते केवढ्याला आणि त्यात मिळतं काय काय. चार-पाच मॉडेलांची माहितीपत्रकं शेजारी मांडली की मात्र डोकं चक्रावतं, कारण सगळ्याच गाड्या एकमेकींच्या चुलत बहिणी वाटतात. तेच उंच बॉनेट, चाकांच्या कमानींभोवती तोच काळा प्लास्टिकचा पट्टा, टपावर तेच रेल. या सारखेपणाला कारण आहे. साधी मोटार थोडी उंच करायची, या एका कल्पनेतून हे तिन्ही रकाने जन्मले. उंचीने आधी रूप दिलं, मग नफा दिला, मग धोका आणला. आणि आज आपण ज्यांना फीचर्स म्हणतो, त्यातली बरीचशी या धोक्याला शोधलेली उत्तरं आहेत.

जीपच्या घराण्यापासून सुरुवात करू. दुसऱ्या महायुद्धानंतर विलीज कंपनीने १९४६ मध्ये जीपला पोलादी स्टेशन वॅगनचं अंग दिलं, १९६३ मध्ये जीप वॅगोनीअर आली, १९७० मध्ये ब्रिटनमध्ये रेंज रोव्हर. या गाड्यांत आराम वाढत गेला, पण हाडं जुनीच राहिली. खाली शिडीसारखी लॅडर फ्रेम आणि तिच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी, म्हणजे ट्रकचीच रचना. अशी गाडी दगडधोंड्यांत टिकते, पण वजनदार असते, वळणावर कलते आणि खड्ड्यात सगळ्यांना हलवते. जीपला मोटारीसारखं करण्याचे हे प्रयत्न होते. क्रॉसओव्हरचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. तिथे मोटारीला जीपसारखं करायचं होतं.

हे उलटं काम १९७७ मध्ये एका फ्रेंच गाडीने बिनधास्त केलं. मात्रा कंपनीची रान्चो हे तिचं नाव. सिम्का ११०० या छोट्या गाडीची पिकअप घेतली, मागे फायबरग्लासची उंच, काचांनी भरलेली खोली जोडली, खालच्या बाजूने काळ्या प्लास्टिकचं जाड आवरण चढवलं, पुढे जादा दिवे लावले. दिसायला गाडी थेट सफारीवर निघालेली. प्रत्यक्षात इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना. फोर व्हील ड्राइव्हचा पत्ताच नाही. अँतॉन व्होलानिस यांनी रेखाटलेली ही गाडी मला फार प्रामाणिक वाटते. पुढची पन्नास वर्षं सगळे कारखाने जे आडून आडून करणार होते, ते तिने उघडपणे करून दाखवलं. लोकांना डोंगर चढायचा नसतो, डोंगर चढू शकणाऱ्या माणसासारखं दिसायचं असतं. आज माहितीपत्रकात ‘रग्ड क्लॅडिंग’ लिहिलेलं दिसलं की या रान्चोची आठवण काढावी.

गंमत म्हणजे त्याच वर्षी सोव्हिएत संघात लाडा निवा आली आणि तिने बरोब्बर विरुद्ध टोक गाठलं. मोटारीसारखी मोनोकॉक रचना, म्हणजे वेगळी फ्रेम नाही, बॉडी हाच सांगाडा. पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर, चारही चाकांना कायम ताकद. नखरा शून्य, काम पूर्ण. आजच्या क्रॉसओव्हरची तांत्रिक कुंडली निवाशी जुळते आणि चेहरा रान्चोशी. बाजाराने जास्त कुणाचं ऐकलं, ते रस्त्यावर दिसतंच.

अमेरिकेत १९७९ च्या सुमाराला अमेरिकन मोटर्स या छोट्या कंपनीने आपली कॉनकॉर्ड ही कौटुंबिक गाडी सुमारे साडेसात सेंटिमीटर उचलली, तिला चारही चाकांची ड्राइव्ह दिली आणि ‘ईगल’ नावाने विकायला काढली. ती सेडान, कूपे आणि वॅगन अशा तिन्ही रूपांत मिळे. कल्पना काळाच्या पुढची होती. कंपनी मात्र काळाशी झुंजताना थकली आणि १९८७ मध्ये क्रायस्लरने ती विकत घेतली. ईगलमागचे मुख्य अभियंते रॉय लन यांनी त्याच कंपनीसाठी १९८४ च्या जीप चेरोकीवरही काम केलं होतं. त्या चेरोकीने जीपच्या घरात मोनोकॉक रचना आणली. वजन घटलं, आकार आटोपशीर झाला, आणि शहरातल्या माणसाला रोज चालवता येईल अशी जीप मिळाली.

इथे एका रूक्ष सरकारी नियमाकडे वळावं लागतं, कारण गाड्यांचा आकार ठरवण्यात त्याचा वाटा कुठल्याही कलाकारापेक्षा कमी नाही. तेलटंचाईच्या धक्क्यानंतर १९७५ मध्ये अमेरिकेने इंधनवापराचा कायदा केला. प्रत्येक कंपनीच्या गाड्यांनी सरासरी किती मायलेज द्यायचं, ते त्याने बांधून दिलं. मोटारींसाठी १९८५ ला ही मर्यादा गॅलनला २७.५ मैल होती, म्हणजे लिटरमागे साधारण ११.७ किलोमीटर. हलक्या ट्रकांना मात्र सवलत होती. १९९६ पासून २००४ पर्यंत त्यांची मर्यादा गॅलनला २०.७ मैलांवर, म्हणजे लिटरमागे ८.८ किलोमीटरवर थांबलेली होती. मग ट्रक म्हणायचं तरी कोणत्या गाडीला? सामान वाहणाऱ्या गाड्या सोडल्या, तर फोर व्हील ड्राइव्ह असलेली गाडी ठरावीक कोन आणि उंचीत बसली की झालं. पुढून चढाईचा कोन किमान २८ अंश, मागून २० अंश, पोटाखाली अडकू नये म्हणून १४ अंश, चालताना जमिनीपासून किमान २० सेंटिमीटर अंतर, आणि अॅक्सलखाली १८ सेंटिमीटर. या पाचांपैकी चार अटी पाळल्या की गाडी कागदोपत्री ट्रक.

मग काय, सगळे वीस सेंटिमीटरच्या मागे लागले. सुबारूने २००५ च्या मॉडेलसाठी आपल्या आउटबॅक वॅगनमध्ये असे बदल केले की ती ट्रकच्या वर्गात बसावी. तिच्यात बसणारी माणसं तीच, रस्ते तेच. बदललं ते कागदावरचं नाव. पुढे २०११ पासून दोन चाकांच्या ड्राइव्हच्या बऱ्याच हलक्या एसयूव्ही पुन्हा मोटारींच्या वर्गात टाकल्या गेल्या. त्यामुळे एकाच मॉडेलची टू व्हील ड्राइव्ह गाडी मोटार आणि फोर व्हील ड्राइव्हवाली सख्खी बहीण ट्रक, असा प्रकार आजही घडतो. तुलनेच्या तक्त्यात ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा २०० मिलिमीटरच्या आसपास वारंवार घुटमळताना दिसतो, त्याच्या मुळाशी खराब रस्त्यांइतकाच हा कायदाही आहे.

ट्रकांना मोकळीक आणि पेट्रोल स्वस्त, असं जमून आल्यावर १९९० मध्ये आलेल्या फोर्ड एक्सप्लोररसारख्या लॅडर फ्रेमच्या एसयूव्ही अमेरिकी घरांपुढे उभ्या राहू लागल्या. वॅगन मागे पडली. दुसरीकडे जपानी कारखानदार वेगळ्या वाटेने विचार करत होते. त्यांचा जोर मोठ्या ट्रकांवर नव्हता, उत्तम छोट्या मोटारींवर होता. टोयोटाने मे १९९४ मध्ये आरएव्ही४ आणली: मोनोकॉक बांधणी, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि कोरोलासारख्या नेहमीच्या गाड्यांतून उचललेले सुटे भाग. पहिलं रूप तीन दारांचं, जेमतेम ३.७ मीटर लांब, तरुणांसाठी केलेलं खेळणं म्हणावं असं. पाच दारांची आल्यावर त्या खेळण्यात कुटुंब मावू लागलं. ऑक्टोबर १९९५ मध्ये होंडाने सिव्हिकच्या पायावर सीआर-व्ही उभी केली. तिची डिकी उघडून तळाची फळी काढली की तिचं पाय असलेलं सहलीचं टेबल व्हायचं. मला विचाराल तर आजवरच्या साऱ्या ‘कौटुंबिक फीचर्स’मध्ये हे सर्वांत निरागस आणि सर्वांत उपयोगी. चारही चाकांची ड्राइव्हही तशीच साधी होती. पुढची चाकं घसरली तरच मागच्यांना ताकद मिळे, एरवी गाडी पुढच्या चाकांवर चाले.

किमतीचा रकाना समजून घ्यायचा, तर १९९७ च्या टोयोटा हॅरिअरकडे पाहावं. हीच गाडी पुढच्या वर्षी अमेरिकेत लेक्सस आरएक्स म्हणून गेली. खाली कॅमरी या सेडानच्या घराण्याचा प्लॅटफॉर्म, म्हणजे तळाचा सांगाडा, वर उंच बॉडी, आत चामडं आणि शांतता. प्लॅटफॉर्म, इंजिन, गिअरबॉक्स यांचा विकासखर्च सेडानने आधीच उचललेला असतो. त्यावर बॉडी उंच करायला लागणारा जादा पत्रा काही फार महाग नाही. ग्राहक मात्र उंच गाडीला सेडानपेक्षा बरेच जास्त पैसे द्यायला खुशीने तयार होतो. हा फरक हाच कंपनीचा नफा. म्हणून क्रॉसओव्हरची किंमत दुसऱ्या क्रॉसओव्हरशी ताडून पाहताना, तिच्याच प्लॅटफॉर्मवरच्या हॅचबॅक किंवा सेडानची किंमतही शेजारी लिहावी. उंचीचे किती मोजतो आहोत, ते चटकन कळतं. बीएमडब्ल्यूने १९९९ मध्ये एक्स५ काढली तेव्हा ‘युटिलिटी’ हा शब्दच टाकून ‘स्पोर्ट्स अॅक्टिव्हिटी व्हेइकल’ असं नाव घेतलं. उपयुक्ततेपेक्षा रुबाबाला भाव जास्त मिळतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

युरोपात हेच गणित मध्यमवर्गापर्यंत पोचवलं निसान कश्कायने. निसानची अल्मेरा ही हॅचबॅक प्रतिस्पर्ध्यांपुढे टिकत नव्हती. तिची नवी आवृत्ती काढण्याऐवजी कंपनीने हॅचबॅकच्याच मापाची, जरा उंच गाडी केली आणि २००७ मध्ये ती बाजारात उतरवली. बहुतेक ग्राहकांनी तिची टू व्हील ड्राइव्हच घेतली. तीस वर्षांनी रान्चोचा हिशेब चुकता झाला म्हणायचा. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक कंपनीला आपली कश्काय हवी होती, आणि २०१८ मध्ये तर फोर्डने उत्तर अमेरिकेत मस्टँग वगळता जवळपास साऱ्या मोटारी बंद करण्याचं जाहीर करून टाकलं.

आता धोक्याकडे. गाडी उंच केली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो आणि जोरात वळताना ती उलटण्याची शक्यता वाढते. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागलं की गाडीच्या स्थैर्याचा अंदाज येतो. नव्वदच्या दशकातल्या उंच आणि अरुंद एसयूव्ही या साध्या भागाकारात मार खात होत्या. एक्सप्लोररचे टायर फाटून झालेल्या अपघातांनी २००० मध्ये अमेरिका हादरली, आणि २००१ च्या मॉडेलांपासून तिथल्या सरकारी संस्थेने गाडी उलटण्याच्या धोक्यानुसार सुरक्षेचे तारे द्यायला सुरुवात केली. मोनोकॉक क्रॉसओव्हर रुंद आणि तुलनेने बुटक्या असल्यामुळे तिथे उजव्या ठरल्या. खरा दिलासा दिला तो ईएससीने, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलने. गाडी घसरू लागली की ही यंत्रणा एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून तिला मार्गावर आणते. १९९५ मध्ये मर्सिडीजच्या महागड्या गाडीत आलेली ही गोष्ट अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलांपासून सक्तीची झाली.

व्होल्वोने २००२ च्या एक्ससी९० मध्ये एक पाऊल पुढे टाकलं. गाडी कलते आहे हे जायरोस्कोपने ओळखून तिला सावरायची सोय दिली, टपात बोरॉन पोलाद वापरलं, आणि पुढे खालच्या बाजूला एक आडवा दांडा बसवला, जो समोरच्या बुटक्या मोटारीच्या बंपरच्या उंचीला येतो. या शेवटच्या गोष्टीचं मला विशेष कौतुक आहे. आपल्या उंचीचा त्रास समोरच्याला होऊ नये, असा विचार कुणीतरी केला; तुलनेच्या तक्त्यात मात्र त्याला रकानाच नसतो. त्याच कंपनीच्या २००८ च्या एक्ससी६० मध्ये, कमी वेगात पुढच्या गाडीवर आदळण्याआधी आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा सरसकट दिलेली होती. मागचा कॅमेराही याच वर्गातला. उंच गाडीमागे उभं असलेलं लहान मूल आरशात दिसत नाही. असे मृत्यू झाल्यावर अमेरिकेत २००८ मध्ये कायदा झाला आणि मे २०१८ पासून प्रत्येक नव्या गाडीला कॅमेरा बंधनकारक ठरला. म्हणजे सनरूफ आणि कॅमेरा एकाच यादीत छापले जात असले, तरी दोघांचं वजन सारखं नाही. एकाने हौस भागते, दुसऱ्याने उंचीची चूक निस्तरली जाते.

सात आसनांचं श्रेय खरं तर मिनिव्हॅनचं, म्हणजे डब्यासारख्या कौटुंबिक व्हॅनचं. क्रायस्लरची मिनिव्हॅन १९८३ च्या अखेरीस आणि रेनो एस्पास १९८४ मध्ये आली. एस्पासची मूळ कल्पना मात्राचीच, रान्चोनंतर काय करायचं या विचारातून निघालेली. सोयीत मिनिव्हॅन आजही बहुतेक क्रॉसओव्हरना हरवते. सरकती दारं, बुटका तळ, तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाला बसता येईल इतकी जागा. पण तिच्यावर ‘आई-वडिलांची गाडी’ असा शिक्का बसला आणि क्रॉसओव्हरने तिची तिसरी रांग तेवढी उचलली. अनेक मॉडेलांत ती रांग लहान मुलांपुरतीच असते. गाडी पाहायला जाताना घरातल्या सर्वांत उंच माणसाला तिथे बसवून बघावं.

दिसण्याचा रकाना किती निर्दय असतो, ते पाँटिअॅक अॅझटेककडून शिकावं. २००१ च्या मॉडेल वर्षासाठी आलेल्या या गाडीला मागे जोडायचा तंबू मिळत असे आणि पुढच्या सीटांमधला डबा काढून थंड पेटीसारखा नेता येई. उपयोगात गाडी सरस, चेहऱ्याने घात केला. प्लास्टिकचे जाड थर आणि दोन मजली तोंड यांची चेष्टा होत होत २००५ मध्ये ती बंद पडली. गंमत अशी की, वर बारीक दिवे आणि खाली मुख्य हेडलॅम्प ही दोन मजली मांडणी पुढे २०१० च्या निसान ज्यूकने आणि २०१३ च्या जीप चेरोकीने नव्या थाटात आणली, आणि आज ती फॅशन आहे. बीएमडब्ल्यू एक्स६ ने २००८ मध्ये टप मागे उतरता केला आणि डोक्यावरची जागा व डिकी कमी करून वर जास्त किंमत लावली. तीही खपली.

आता बॅटरीने हिशेब पुन्हा मांडायला घेतला आहे. पायाखाली बॅटरीचा जाड थर आला की तळ आपोआप वर जातो. त्यामुळे उंच बॉडी इलेक्ट्रिक गाडीला सोयीची पडते, आणि वजन खाली असल्याने उलटण्याची भीतीही कमी होते. २०२३ मध्ये जगात सर्वाधिक खपलेली गाडी टेस्ला मॉडेल वाय ही इलेक्ट्रिक क्रॉसओव्हरच होती. पण उंच गाडी हवा जास्त अडवते, आणि हवेशी झुंजण्यात चार्ज संपतो. म्हणून टप मागे उतरू लागले, दारांच्या मुठी पत्र्यात शिरल्या, पुढची जाळी बुजली. ज्या गाडीला पन्नास वर्षं सेंटिमीटर सेंटिमीटरने उंच केलं, तिचा टप आता तितक्याच चिकाटीने खाली घेतला जातो आहे. काळा प्लास्टिकचा पट्टा मात्र जिथल्या तिथे आहे.