हायस्कूल बंद करण्याचे धोरण (अमेरिका)

सतत खराब निकाल, मोठी गळती किंवा घटता पट या कारणांवरून सरकारी हायस्कूल (इयत्ता नववी ते बारावी) कायमचे बंद करण्याची पद्धत. चाचणी निकालांसाठी शाळांना जबाबदार धरणाऱ्या, २००२ मध्ये लागू झालेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यानंतर तिला जोर आला. २००९ नंतर संघराज्य सरकारने शाळा-सुधारणा अनुदानासाठी चार मार्ग ठरवले; शाळा बंद करणे हा त्यांपैकी एक. सुधारणेच्या यादीत कुलूपही बसले ते असे.

न्यूयॉर्कमध्ये शाळा एकदम बंद न करता नववीचे प्रवेश थांबवत. आधीची मुले शिकून बाहेर पडली की शाळा संपे. दरम्यान त्याच इमारतीत नव्या छोट्या शाळा भरू लागत. २००२ ते २००८ या काळात बंद करायला घेतलेल्या २९ हायस्कुलांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आत असलेल्या मुलांचे निकाल शाळा बंद होत असल्यामुळे ना फारसे सुधारले ना बिघडले. मात्र पुढच्या तुकड्यांना दुसरीकडे जावे लागले आणि त्यांचे हायस्कूल पूर्ण करण्याचे प्रमाण सुमारे १५ टक्केबिंदूंनी वाढले. यश मिळाले ते नंतर येणाऱ्यांना, हे समर्थक सहसा सांगत नाहीत. शिवाय जवळपास बरी शाळा असेल तरच हे गणित जमते. २६ राज्यांचा आढावा घेणाऱ्या २०१७ च्या अभ्यासात विस्थापित मुलांपैकी निम्म्याहून कमी मुलांना आधीपेक्षा चांगली शाळा मिळाली होती. निकाल सारखेच कमी असले तरी कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी किंवा स्पॅनिश मुळाची) व गरीब मुले जास्त असलेल्या शाळा बंद होण्याची शक्यता अधिक, असेही त्यात दिसले.

बंद होऊ घातलेल्या शाळेतले शेवटचे वर्ष अवघड असते. शिक्षक बदली शोधतात, विषय गळतात. शिकागोच्या ब्रॉन्झव्हिल भागातील डायेट हायस्कूलमध्ये अखेरीस शारीरिक शिक्षणही ऑनलाइन घ्यावे लागले. पळायचा तास संगणकासमोर! २०१५ मध्ये ती शाळा वाचवण्यासाठी १२ जणांनी ३४ दिवस उपोषण केले. त्यांत पालक होते, आजीही होत्या. २०१६ मध्ये ती कलाशाळा म्हणून पुन्हा उघडली.

वस्तीचे नुकसान गुणपत्रिकेत उमटत नाही. मुलांना अनोळखी, कधी टोळ्यांच्या हद्दीतून जावे लागते. सामने, माजी विद्यार्थ्यांचे मेळावे, मतदान केंद्र असे शाळेभोवतीचे सगळे उठते. फिलाडेल्फियातील जर्मनटाउन हायस्कूल १९१४ चे. शताब्दीला एक वर्ष उरले असताना, २०१३ मध्ये ते बंद झाले आणि इमारत पुढे कित्येक वर्षे रिकामी पडून होती.