फ्रीव्हीलला कॅसेट म्हणणाऱ्यांसाठी

रविवारी सकाळी साडेसहाला मित्राचा फोन आला. "भावा, वाघबिळाच्या अलीकडं थांबलोय. सायकलच्या मागच्या चाकाची तार तुटलीया, चेनकडची. कॅसेटचं टूल घिऊन येतोस काय?"

चेनकडची तार बदलायची तर आधी मागच्या दातेरी चकत्या काढाव्या लागतात, त्यासाठी ते टूल. मी रंकाळ्यावर होतो. घरी गेलो, टूल, चेनव्हिप, मोठा पाना, दोन-तीन मापांच्या तारा पिशवीत कोंबल्या आणि पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो. पोचलो, चाक काढलं, टूल लावलं. आत जाईना. पुसून बघितलं, फुंकर मारून बघितलं. मग डोक्यात प्रकाश पडला. त्याच्या चाकाला कॅसेट नव्हतीच, फ्रीव्हील होती.

आता यात चूक कुणाची, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही. त्याचं म्हणणं, "मागचे गिअर म्हणजे कॅसेटच की." नाही रे बाबा. दिसायला दोन्ही सारखंच, दातेरी चकत्यांचा तो मनोराच. पण दोन्हींची आतली रचना अगदी वेगळी आहे.

पायडल मारायचं थांबलं तरी चाक फिरत राहतं, ते आतल्या खटक्यांमुळं. पुढं जोर लावला की खटके दात्यांत अडकतात आणि चाक ओढलं जातं. जोर सोडला की ते दात्यांवरून घसरत टकटक वाजतात. प्रश्न एवढाच, की हे खटके बसलेत कुठं?

फ्रीव्हीलमध्ये ते चकत्यांच्या पोटातच असतात. चकत्या आणि खटके मिळून एक डबी, आणि ती अख्खी डबी हबवरच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावरच्या, आट्यांवर फिरवून बसवायची, बरणीचं झाकण लावल्यासारखी. कॅसेटमध्ये खटके हबचाच भाग असतात. हबला उजवीकडं खाचांचा एक दंडगोल असतो, त्याला फ्रीहब म्हणतात. कॅसेट म्हणजे त्या खाचांवर सरकवलेल्या नुसत्या चकत्या, वरून एका रिंगेनं आवळलेल्या. तेव्हा "माझी कॅसेट लई वाजतीया" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. कॅसेट मुकी असते. वाजतो तो फ्रीहब.

फ्रीहबची कल्पना जुनी आहे, पण ती घरोघरी पोचवली शिमानो या जपानी कंपनीनं, 1978 पासून. आपल्याकडच्या सहा-सात गिअरच्या स्वस्त सायकलींना मात्र अजून बहुतेक फ्रीव्हीलच येते.

ओळखायचं कसं? मागचं चाक काढा आणि उजव्या बाजूनं चकत्यांच्या मधोमध बघा. टूल बसायच्या बारीक खाचा दिसतील. आता चाक घट्ट धरून चकत्या उलट्या फिरवा. मधल्या खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट. चकत्या फिरल्या आणि खाचा जागच्या हलल्या नाहीत तर फ्रीव्हील, कारण तो मधला भाग आट्यांनी हबला जखडलेला असतो. दहा सेकंदांचं काम आहे. फोन करायच्या आधी करण्यासारखं.

त्या सकाळी मी फसलो त्याचं कारणही सांगतो, नाहीतर सगळा दोष मित्रावर जायचा. नेहमीच्या प्रकारच्या फ्रीव्हीलचं टूल आणि कॅसेटचं टूल, दोन्हींना बाराच खाचा. व्यास साधारण तेवीस मिलिमीटर, कॅसेटचं जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. टेबलावर शेजारी ठेवली तर नजर सांगणार नाही. पण ते अर्धा मिलिमीटर लोखंड रस्त्याच्या कडेला बसून काही कमी करता येत नाही.

खोलायची रीतही वेगळी. कॅसेटची रिंग उलटी फिरवायला गेलं तर चकत्याच मागं फिरत सुटतात, म्हणून चेनचा तुकडा लावलेल्या दांड्यानं, म्हणजे चेनव्हिपनं, त्या धरून ठेवायच्या. फ्रीव्हीलला चेनव्हिप लागत नाही. तिला लागते ताकद. दर पायडलला ती आट्यांवर थोडी थोडी आवळत जाते. दोन वर्षं पन्हाळा-जोतिबा करणाऱ्या माणसाची फ्रीव्हील हाताच्या पान्यानं सुटेल ही आशा सोडा.

आम्ही तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळली. चाकाला आउट आला होता, म्हणजे ते डुलत फिरत होतं, रिम ब्रेकच्या रबराला घासत होती, म्हणून मागचा ब्रेक मोकळा सोडला आणि हळूहळू खाली आलो.

दुसऱ्या दिवशी चाक घेऊन शाहूपुरीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी एकदा बघितलं. "आट्याची फ्री हाय की ही. ह्येला खाचंच्या फ्रीचं टूल घिऊन गेलतास व्हय?"

हे ऐकून मी गारच झालो. त्यांच्या तोंडी कॅसेट हा शब्दच नाही. दोन्ही फ्रीच, एक आट्याची, एक खाचेची. कंपनीच्या कॅटलॉगप्रमाणे दोन्ही नावं चूक. पण त्यांची गफलत कधीच व्हायची नाही, कारण वस्तू हबला कशी बसते तेच नावात आहे. पुढच्या फोर्कला ते चिमटा म्हणतात, बेअरिंगच्या गोळ्यांना छर्रे. म्हणू देत. मला चीड वेगळ्या शब्दाची येत नाही. दोन वस्तूंना एकच शब्द वापरला की येते. "गिअर बिघडला" म्हणजे हँडलवरचा शिफ्टर, मागची चकती, का चेन हलवणारा तो लोंबता डिरेलर? ओळखा.

मिस्त्रींनी टूल व्हाइसमध्ये पकडलं, चाक त्यावर आडवं बसवलं आणि टायरला दोन्हीकडं धरून ट्रकचं स्टेअरिंग वळवावं तसं डावीकडं वळवलं. कट्ट आवाज झाला आणि फ्री सुटली. चाकाची अख्खी त्रिज्या तरफेसारखी कामाला येते, ही त्यातली युक्ती.

सुटल्यावर त्यांनी चाकाचा मधला दांडा, म्हणजे अ‍ॅक्सल, काढून टेबलावर गडगडवून दाखवला. वाकलेला होता. फ्रीव्हीलची ही खरी खोड. सात चकत्यांची डबी बाहेर बसते, त्यामुळं उजवीकडचे छर्रे आतल्या अंगाला राहतात आणि दांड्याचा बराच भाग आधाराशिवाय उरतो. माणूस वजनदार आणि रस्ता खड्ड्यांचा असला की तो तिथंच वाकतो. फ्रीहबमध्ये उजवे छर्रे पार टोकापर्यंत जातात. मग दुधाच्या किटल्या लटकवलेल्या काळ्या सायकलींना फ्रीव्हील असूनही दांडा का टिकायचा? कारण तिथं एकच चकती. डबी अरुंद, उघडा दांडा कमी.

म्हणून दांडा वारंवार वाकत असेल तर कॅसेटवर जायला हरकत नाही. फक्त नुसती कॅसेट विकत आणून ती फ्रीव्हीलच्या हबवर बसणार नाही. हब बदलावं लागतं, म्हणजे बहुतेक वेळा अख्खं मागचं चाकच.

मित्रानं दांडा नवा घातला आणि फ्रीव्हील नवीच घेतली. मिस्त्रींनी आट्यांना ग्रीस लावलं, ती हातानंच फिरवत नेली आणि चाक त्याच्या हातात दिलं. "आवळली न्हाईसा?" त्यानं विचारलं.

"तूच आवळ की. फुडं चढ हाय न्हवं."